टायपिस्टबाईंचा कॉम्प्युटर

कचेरीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी टायपिस्टबाईंची कचेरी काही सुटली नव्हती. फक्त ती आता घरी भरत होती. सकाळी नऊ ते अकरा त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी कुणी ना कुणी बसलेलं असे. कुणाला नळाची जोडणी हवी, कुणाला भाड्याचा करार वाढवायचा, कुणाचं नाव सरकारी कागदावर भलतंच पडलेलं. बाई हकिगत ऐकून घेत, माणसाने फार लांबण लावली की "मुद्द्यावर या" म्हणत, आणि मग टाइपरायटरवर अशी खटाखट सुरू करत की आज किती अर्ज झाले ते खालच्या मजल्यावर बसल्या बसल्या कळे.

बाईंनी टाइप केलेला अर्ज परत येत नाही, असा त्यांचा लौकिक होता. त्यात जादू काही नव्हती. एकतीस वर्षं त्या ज्या टेबलाशी बसल्या, त्याच टेबलावरून लोकांचे अर्ज परत गेलेले त्यांनी पाहिले होते. कुठल्या दगडाला ठेच लागते ते त्यांना तोंडपाठ होतं.

आणि अशा बाईंनी केलेला इस्त्रीवाल्याचा अर्ज परत आला.

दोष टाइपरायटरचा होता. त्याचा काना तुटला होता. बाकी सगळी अक्षरं ठणठणीत, फक्त कान्याचं बटण दाबलं की आत काहीतरी केविलवाणं हलायचं आणि कागदावर काहीच उमटायचं नाही. इस्त्रीवाल्याला दुकानापुढचा पत्रा दोन हात वाढवायची परवानगी हवी होती. कान्याविना झालं "मझ्य दुकनच पत्र". बाईंनी पट्टी घेतली, बारीक निबाचं पेन घेतलं आणि एकूण एक काना हाताने काढला. आठवड्याने अर्ज परत आला. वर शेरा होता : "हाताने केलेली दुरुस्ती ग्राह्य नाही."

हा शेरा बाईंच्याच काळातला. दुसऱ्यांच्या अर्जांवर त्यांनी स्वतः तो शेकडो वेळा टाइप केला होता. त्या दिवशी त्यांना अन्न गोड लागलं नाही.

टाइपरायटर दुरुस्त करणारा गावात एकच उरला होता, आणि तोही आता मोबाइलची कव्हरं विकत होता. बाईंनी यंत्र पिशवीतून काढून त्याच्या काउंटरवर ठेवलं, तेव्हा बायको शेजारी उभी असताना जुनी मैत्रीण समोर यावी तसा तो गोरामोरा झाला.

"बाई, हा दांडा आता मिळायचा नाही," तो हळूच म्हणाला. "कॉम्प्युटर घ्या."

बाईंचे यजमान अग्निशमन दलात बंब चालवत. त्यांनाही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सगळे त्यांना अजून बंबवालेच म्हणत. त्यांनी बातमी ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "त्याला वीज लागते ना?"

"अहो, विजेशिवाय चालेल का कॉम्प्युटर?"

"मग बघून घ्यायला हवा," बंबवाले म्हणाले. घरात येणाऱ्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते : पेटणाऱ्या आणि अजून न पेटलेल्या.

दोन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या लेकीने फोनवर सुचवलं, सरळ लॅपटॉप घे. बाई दुकानात जाऊन एका लॅपटॉपवर बोटं फिरवून आल्या आणि लेकीला म्हणाल्या, "अगं, ती बटणं आहेत की नुसती चित्रं? दाबलं गेलं की नाही ते कळायला वर पडद्याकडे बघावं लागतं. मी एकतीस वर्षांत मान वर केली नाही."

"मग एकेक भाग निवडून जुळवून घे. स्वस्तही पडेल. मी यादी सांगते, लिहून घे."

बाईंनी यादी शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतली. बेताचा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. त्याला चालेल असा मदरबोर्ड, ज्यावर बाकी सगळं बसवायचं. रॅम, म्हणजे काम पसरायला जागा. एसएसडी, म्हणजे काम ठेवायचं कपाट. वीज वाटून देणारा एसएमपीएस. हे सगळं पोटात घालायला कॅबिनेट. शिवाय मॉनिटर, माउस, कीबोर्ड. "आणि आई, तुझी टाइपरायटरची बटणं जिथे होती तिथेच राहतील," लेक म्हणाली. "ती सोय फुकट मिळते."

बाईंच्या मनावरचा मोठा धोंडा उतरला. इतक्यात फोनमागून आवाज आला, "जरा माझ्याकडे दे." हे जावई. जावई विमा कंपनीत नोकरीला होते आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटर जोडण्याचे व्हिडिओ बघत. त्यांनीही यादी सांगितली. तीत सगळं लेकीच्या यादीतलंच होतं, पण प्रत्येक गोष्ट दोन पायऱ्या वरची, शिवाय एक ग्राफिक्स कार्ड. या यादीच्या खर्चाचा आकडा लेकीच्या आकड्याच्या बरोबर तिप्पट निघाला.

बंबवाल्यांनी दोन्ही कागद बघितले. "आता हिला खरं म्हणावं तर तो रुसणार. त्याला खरं म्हणावं तर आपण बसणार."

"कुणी रुसणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी कोरा कागद घेतला, पट्टीने दोन रकाने पाडले. डावीकडे लिहिलं 'भाग', उजवीकडे 'कारण'. कचेरीतला त्यांचा अनुभव सांगत होता की अर्ज कितीही लांबलचक असो, साहेब वाचतात तो कारणाचा रकाना. तो रिकामा असला की अर्ज मेला.

शनिवारी जावई आले आणि तिघं मिळून दुकानात गेले. दुकान एका जुन्या व्यापारी इमारतीच्या तळघरात होतं. अंधारा जिना, खाली खोक्यांच्या भिंती, आणि मधोमध उंच स्टुलावर दुकानदार. त्याने मान वर न करता विचारलं, "बजेट?"

बाईंनी लेकीचा आकडा सांगितला. जावयांनी छताकडे पाहिलं.

प्रोसेसर, मदरबोर्ड यांत फारसा वाद झाला नाही. या दोघांची खाच जुळावी लागते, नाहीतर एकमेकांत बसतच नाहीत, असं दुकानदाराने सांगितल्यावर बंबवाले म्हणाले, "म्हणजे आधी पत्रिका, मग घर." बाईंनी कारणाच्या रकान्यात 'जुळते' असं लिहिलं. रॅमची सोळा जीबीची एक पट्टी घ्या, दुसरी खाच मोकळी ठेवा, पुढेमागे वाढवता येईल, असं दुकानदार म्हणाला. बाईंनी मोकळ्या खाचेचे पैसे पडतात का ते विचारून घेतलं. पडत नव्हते. "मग असू दे मोकळी."

मग जावयांनी घसा साफ केला. "आणि ग्राफिक्स कार्ड."

"सांगा बापू," बाईंनी पेन सरसावलं. "कारण?"

"म्हणजे... असलेलं बरं. पुढेमागे लागेल."

बाईंनी 'पुढेमागे लागेल' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि त्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. "बापू, आमच्या कचेरीत या कारणाचा वेगळा गठ्ठा होता. खिडकीत. वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून लावायचो."

दुकानदार मदतीला धावला. "काकू, गेम खेळायचे असतील तर कार्ड पाहिजेच."

"कोण खेळणार?"

सगळ्यांनी बंबवाल्यांकडे पाहिलं. बंबवाले गंभीरपणे म्हणाले, "मी पत्ते खेळतो. पत्ते कार्डाशिवाय चालतात का?"

दुकानदाराची पंचाईत झाली. प्रोसेसरच्या पोटातच चित्र दाखवायची सोय आहे, पत्ते काय, सिनेमासुद्धा चालतो, हे त्याला कबूल करावं लागलं. ग्राफिक्स कार्डाच्या नावावर बाईंनी पट्टीने रेघ मारली. जावई खोक्यांवरची लेबलं वाचत लांब जाऊन उभे राहिले. बाईंनी ते बघितलं. घरची माणसं बाजारात दुखावली की घरी गेल्यावर जेवण बिघडतं, हे त्यांना माहीत होतं.

"बापू," त्यांनी हाक मारली, "कॅबिनेट तुम्ही निवडा. त्यातलं आम्हाला काही कळत नाही."

जावयांचा चेहरा उजळला. त्यांनी निवडलेल्या कॅबिनेटला एका बाजूने काच होती आणि पुढे तीन पंखे. दुकानदाराने वायर लावून दाखवली, तेव्हा पंख्यांतून रंगीत उजेड गरगरायला लागला. साध्यापेक्षा थोडं महाग होतं. बाईंनी कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, 'जावई', आणि कागद उलटा धरला.

एसएमपीएसची पाळी आली तेव्हा बंबवाले पुढे सरकले. दुकानदाराने दोन डबे ठेवले. एक स्वस्त, एक जरा महाग. बंबवाल्यांनी दोन्ही दोन तळहातांवर घेतले, डोळे मिटले आणि भाजीवाल्यासारखे तोलले. मग स्वस्त डबा नाकाशी नेला.

"काका, वास नसतो त्याला," दुकानदार म्हणाला.

"आत्ता नसतो." बंबवाल्यांनी तो खाली ठेवला. "यात आहे काय? हवा?"

"दोन्ही साडेचारशे वॅटचेच आहेत."

"खोक्यावर. माझ्या बंबावरही लिहिलं होतं, ताशी शंभर. एकदा पळवून बघायला पाहिजे होता तुम्ही." त्यांनी जडवाला उचलला. "हा जास्त भार आला तर काय करतो?"

"स्वतःहून बंद पडतो. पाच वर्षांची हमी आहे."

"आणि हा हलका?"

दुकानदाराने जरा विचार केला. तो मनाने वाईट माणूस नव्हता. "हा जडवालाच घ्या," तो म्हणाला. बाईंनी कारण लिहिलं, 'आग'.

उरला कीबोर्ड. दुकानदाराने स्वस्तातला एक काढून सगळ्या सामानावर टाकला, पिशवीत कोथिंबीर टाकावी तसा. बाईंनी तो बाजूला ठेवला. "बाकीचे दाखवा."

"किती?"

"सगळे."

अकरा कीबोर्ड निघाले. बाई स्टुलावर बसल्या, पदर खोचला आणि पहिल्यावर हात ठेवला.

"काकू, जोडलेला नाहीये तो. अक्षरं दिसणार नाहीत."

"अक्षरं मला येतात. आवाज बघतेय."

त्यांनी डोळे मिटले आणि नेहमीचा मायना सुरू केला : मा. महोदय, मी खाली सही करणार विनंती करते की. पहिल्या कीबोर्डवर ओल्या मातीवरून चालल्यासारखा आवाज आला. दुसरा मुका होता. तिसऱ्याची बटणं खाली जात आणि वर यायला कंटाळत. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. नववा त्यांनी हाती घेतला आणि एकाएकी तळघर खटखटाटाने भरून गेलं. प्रत्येक बटण खाली जाताना सांगत होतं की गेलो, आणि वर येताना सांगत होतं की आलो. बाईंची पाठ ताठ झाली. एक ओळ संपल्यावर डावा हात आपोआप उचलला गेला आणि ओळ बदलायचा दांडा शोधत हवेत फिरला.

"हा," त्या म्हणाल्या.

किंमत ऐकून जावईसुद्धा चपापले. ठरवलेल्या रकमेत तो बसत नव्हता. बाईंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि प्रोसेसरवर बोट ठेवलं. "याच्या खालचा आहे?"

"आहे, पण काकू, कीबोर्डसाठी प्रोसेसर खालचा घेणारं गिऱ्हाईक मी आजवर बघितलं नाही."

"प्रोसेसरला मी कधी हात लावणार आहे का? याला रोज लावणार. आणि अर्ज टाइप करायला तो खालचा कमी पडेल का?"

दुकानदाराने खालचा काढला.

जोडणी दुकानात फुकट होती. पण बंबवाले अभिमानाने म्हणून बसले, "कशाला? आमचे जावई आहेत ना." जावई हसले. ते हसणं जरा पातळ होतं, ते फक्त बाईंना दिसलं.

जेवणं आटोपल्यावर टेबलावर स्वच्छ चादर अंथरली गेली. भाग ओळीने मांडले. जावयांनी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, मदरबोर्डवर धरला आणि तसेच उभे राहिले. बंबवाले वाळूची बादली आणायला खाली गेले होते. ती त्यांच्या मते हवीच होती.

"आई," जावई खालच्या आवाजात म्हणाले, "एक सांगू? मी आजवर नुसतं बघितलंय. जोडलेला एकही नाही."

बाईंनी दाराकडे नजर टाकली. "मी नोकरीला लागले तेव्हा साहेबांनी वेग विचारला. मी म्हटलं, मिनिटाला चाळीस शब्द. येत होते बावीस."

"मग?"

"पंधरा दिवस घरी कोळशाच्या पेटीवर बोटं आपटली. लागला वेग." त्यांनी चष्मा लावला आणि मदरबोर्डच्या खोक्यातली माहितीपुस्तिका उचलली. असली पुस्तिका जगात कुणी वाचत नाही. बाई वाचत. "मी वाचते. तुम्ही करा. घाई नाही."

त्यापुढचे दोन तास बाईंनी एकेक वाक्य थांबत थांबत वाचलं आणि जावयांनी एकेक काम केलं. प्रोसेसर त्याच्या खाचेत अलगद बसला. रॅमची पट्टी 'टक' आवाज येईपर्यंत दाबली, आणि तो आवाज आल्यावर दोघंही एकमेकांकडे बघून हसले. कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या तारा मुंगीच्या पायाएवढ्या होत्या. त्या लावताना जावयांची जीभ बाहेर आली होती. बंबवाले बादली टेबलाखाली ठेवून खुर्चीत बसले. कॅबिनेटची पाठीमागची बाजू त्यांच्याकडे होती. शेवटी चार स्क्रू उरले.

"बंबाचे चार उरले असते तर मी गाडी काढली नसती," बंबवाले म्हणाले.

"बाबा, जास्तीचे देतातच," जावई म्हणाले. या वेळी आवाजात दम होता.

बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. तारा काढून लावल्या, रॅम काढून बसवली, पुस्तिका शेवटून पहिल्यापर्यंत वाचली. जावयांच्या कपाळावर घाम आला. लेकीला फोन लावायचा की नाही यावर थोडी कुजबुज झाली. पाऊण तास असा गेल्यावर बाईंनी पुस्तिकेतली अगदी साधी ओळ मोठ्याने वाचली, "एसएमपीएसच्या मागील बाजूचे लहान बटण चालू असल्याची खात्री करा."

बंबवाले म्हणाले, "ते मी बंद केलंय."

दोघं वळून बघत राहिले.

"मी बसलो तेव्हाच. विजेच्या वस्तूला माणूस हात लावत असताना मागचं बटण बंद पाहिजे. नियमच आहे."

"अहो, मग सांगायचं नाही का?"

"मला वाटलं तुम्ही अजून तयारीच करताय."

बटण चालू केलं. तिन्ही पंखे फिरले आणि काचेतून लालभडक उजेड खोलीभर गरगरायला लागला. बंबवाले ताडकन उठले, दाराकडे दोन ढांगा टाकल्या आणि चपलांच्या कप्प्यात काहीतरी शोधायला लागले. मग थांबले, परत आले आणि खुर्चीत बसले.

"लाल फिरायला लागला की माझे पाय बूट शोधतात," ते कुणाकडे न बघता म्हणाले. "याचा रंग बदलतो का?"

निळा लावला. निळा म्हणजे पोलिस आल्यासारखं वाटतं, असं त्यांचं मत पडलं. शेवटी हिरव्यावर तडजोड झाली. रात्री लेकीने फोनवर विचारलं, कुणी जोडला? बाई म्हणाल्या, "जावयांनी. एकहाती." जावई शेजारीच होते. त्यांनी पाण्याचा पेला बराच वेळ तोंडाला लावून ठेवला. हल्ली त्यांच्या कचेरीतली माणसं त्यांना कॉम्प्युटर जोडायला घरी बोलावतात, आणि ते जातातही. जाताना पुस्तिका वाचायला लेकीला बरोबर नेतात.

सोमवारी नऊ वाजता इस्त्रीवाला येऊन बसला. त्याचा अर्ज आठ मिनिटांत झाला, छापून आणायला खालच्या झेरॉक्सवाल्याकडे गेला, आणि बारा दिवसांनी मंजूर झाला. पत्रा वाढला. पण त्या पहिल्या सकाळी बाईंचं लक्ष पत्र्याकडे नव्हतं. त्या पडद्याकडे रोखून बघत होत्या. एकतीस वर्षांत वर न केलेली मान त्यांनी आज वर केली होती, आणि बघतात तो त्यांच्या 'महोदय' या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ.

"ही कुणी मारली?" त्यांनी विचारलं.

इस्त्रीवाल्याने आपले हात मांडीवरून उचलून दाखवले.

बाईंनी लेकीला फोन केला. कॉम्प्युटरला जो शब्द माहीत नसतो तो त्याला चूक वाटतो, असं लेकीने समजावलं. बाईंचा श्वास जोरात आत गेल्याचं तिला ऐकू आलं. "माझ्या कागदाखाली लाल रेघ कधी पडली नाही. साहेबांचीसुद्धा टाप नव्हती."

"आई, तू शिकव ना त्याला. शब्दावर उजवं बटण दाब, शब्दकोशात घाल म्हण."

तेव्हापासून नऊ ते अकरा अर्ज आणि अकरानंतर अर्धा तास कॉम्प्युटरची शिकवणी असा बाईंचा क्रम लागला आहे. बंबवाले शेजारी बसून पत्त्यांची वाट बघतात. 'महोदय' झालं, 'उपरोक्त' झालं, 'सविनय' झालं. परवा 'कार्यवाही' आणि 'कारवाई' यांतला फरक त्या त्याला मोठ्याने सांगत होत्या.

"ऐकतो का?" बंबवाल्यांनी विचारलं.

"हुशार आहे," बाई म्हणाल्या. "पाया कच्चा राहिलाय, इतकंच."